गणपतराव देशमुख : एसटीच्या फोटोपलीकडचे आमदार

माणगंगाकाठ

३० जुलैची पुण्यतिथी जवळ आली की आमच्याकडच्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर गणपतराव देशमुखांबद्दलचा तोच संदेश फिरायला लागतो. अकरा वेळा आमदार, एसटीनं प्रवास, साधी राहणी, असा आमदार पुन्हा होणे नाही. त्यात खोटं काही नाही. पण या माणसानं इतकी वर्षं सभागृहात आणि मतदारसंघात नेमकं काय केलं, यावर त्यात एक ओळसुद्धा नसते, आणि याचं मला दर वर्षी वाईट वाटतं. साधे राहणारे आमदार त्या पिढीत बरेच होते. त्यातले बहुतेक एकदोनदा निवडून आले आणि विसरले गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यानं आबासाहेबांना, म्हणजे गणपतरावांना, पुन्हा पुन्हा पाठवलं त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती बोलली गेली पाहिजेत, म्हणून हा धागा काढतोय.

आधी थोडक्यात चरित्र, माहीत नसणाऱ्यांसाठी. जन्म १९२६, मोहोळ तालुक्यातलं पेनूर. धनगर समाजातलं शेतकरी घर. वकिलीचं शिक्षण, मग सांगोल्यात वकिली आणि शेतकरी कामगार पक्षाचं (शेकापचं) काम. स्वातंत्र्याच्या आसपास काँग्रेसमधून बाहेर पडून केशवराव जेधे, शंकरराव मोरे वगैरे मंडळींनी हा पक्ष काढला. पुढं जेधे, मोरे दोघंही काँग्रेसमध्ये परतले, पण खेड्यापाड्यातली पोरं पक्षातच राहिली. गणपतराव त्या पोरांपैकी.

१९६२ ला पहिल्यांदा विधानसभेत गेले तेव्हा यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि सभागृह कुलाब्याच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरायचं. २०१४ ला शेवटचं निवडून आले तेव्हा देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले. मध्ये १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९. हरले दोनदा, १९७२ आणि १९९५. पंचाण्णवचा पराभव अवघ्या १९२ मतांचा. तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. त्या वयात माणूस घरी बसतो. ते पुन्हा गावोगाव फिरले आणि नव्याण्णवला परत सभागृहात गेले. १९७७-७८ मध्ये विरोधी पक्षनेते होते, पुलोदच्या (पुरोगामी लोकशाही दल या आघाडीच्या) मंत्रिमंडळात होते, पुढं विलासराव देशमुखांच्या पहिल्या सरकारात पणन आणि रोजगार हमीचे मंत्री होते. २०२१ च्या ३० जुलैला सोलापुरात गेले, वय ९४.

हे सगळं एका पक्षातून, एका चिन्हाच्या आधारानं नव्हे तर एका विचाराच्या आधारानं. १९६२ ला शेकापचे १५ आमदार होते, १९६७ ला १९. २०१४ ला उरले ३. पक्ष डोळ्यांदेखत आटत गेला आणि एवढ्या काळात दुसऱ्या पक्षात जायच्या संधी कमी आल्या नसतील. माझ्या मते एसटीच्या प्रवासापेक्षा ही गोष्ट फार अवघड आहे.

ज्यांना त्या भागाची, पाण्याच्या चळवळीची, सूतगिरणीची माहिती आहे त्यांनी लिहावं. नुसतं 'विनम्र अभिवादन' नको, ही विनंती.

---

सोलापुरी

धागा आवडला. एक विचारतो, सर्वाधिक वेळा आमदार होण्याचा देशातला विक्रम त्यांच्या नावावर आहे ना? करुणानिधींना मागं टाकलं असं २०१४ ला वाचलेलं आठवतंय.

---

तारांकित

सोलापुरी, तसं बरंच छापून आलं होतं, पण ते बरोबर नाही. करुणानिधी तमिळनाडू विधानसभेवर एकूण १३ वेळा निवडून गेले, वेगवेगळ्या मतदारसंघांतून. केरळचे के. एम. मणी तर एकाच पाला मतदारसंघातून १३ वेळा. महाराष्ट्र विधानसभेत मात्र अकरा वेळांचा मान आबासाहेबांचाच. हे स्पष्ट झालेलं बरं. त्यांचं काम एवढं आहे की देशपातळीवरच्या विक्रमाची भर घालायची गरज नाही.

---

कोरडवाहू

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. माझं आजोळ सांगोला तालुक्यातलं. लहानपणी उन्हाळ्यात तिथं गेलो की टँकर आला का, हा दिवसातला पहिला प्रश्न असायचा. २०१२-१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१८-१९ ला आमची जनावरं चारा छावणीत होती. माणसं जनावरांबरोबर छावणीतच राहायची, तिथंच भाकऱ्या थापायची, पोरं तिथनंच शाळेत जायची.

मग माझा प्रश्न सरळ आहे. पन्नासेक वर्षं एकच आमदार, तोही अभ्यासू, तोही स्वच्छ, आणि तरी तालुक्याला पाण्यासाठी इतकी वाट बघावी लागली. शेजारच्या माळशिरस, पंढरपूर भागात कालव्यावर ऊस उभा होता. सत्तेतला आमदार असता तर पाणी लवकर आलं असतं की नाही? आदर आहे, पण हा प्रश्न आमच्या घरात आजही विचारला जातो आणि त्याला नुसत्या आदरानं उत्तर मिळत नाही.

---

माणगंगाकाठ

कोरडवाहू, राग कशाला? हाच प्रश्न यायला हवा होता.

सांगोला पर्जन्यछायेत. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही बेभरवशाचा. माण आणि कोरडा या आपल्या नद्या पावसाळ्यातसुद्धा सलग वाहतील याची खात्री नाही. नीरा उजव्या कालव्याचं पाणी तालुक्याच्या एका भागाला मिळतं, पण फलटण, माळशिरस, पंढरपूर यांच्या वाटणीतून. बाकी तालुक्याला बाहेरचं पाणी उचलून आणल्याशिवाय इलाज नव्हता. म्हणजे कृष्णेचं पाणी.

आता कृष्णेचा हिशोब. राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटणाऱ्या बच्छावत लवादानं सत्तरच्या दशकात महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) दिले आणि त्या वाटपाचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकेल असं ठेवलं. तोवर आपल्या वाट्याचं पाणी अडवलं नाही तर पुढच्या वाटपात आपली बाजू लंगडी होईल, ही भीती होती. सरकारला तरीही खऱ्या अर्थानं जाग आली १९९६ ला. कृष्णा खोरे महामंडळ निघालं, कर्जरोखे काढले, धरणांची कामं धडाक्यात सुरू झाली. धरणांना आधी पैसा, उपसा योजनांना नंतर, असं झालं. पाणी अडवलं की लवादापुढं दाखवता येतं; ते वर चढवून दुष्काळी गावात नेलं की नाही, हे लवाद विचारत नव्हता. टेंभूला मंजुरीही त्याच १९९६ ची. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत कडेगाव, खानापूर, तासगाव, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि आपल्या सांगोल्यापर्यंत न्यायचं, २२ टीएमसी पाणी, सुमारे ८० हजार हेक्टर. कागदावर सुंदर. पण नकाशा बघा, सांगोला शेवटाला आहे. म्हैसाळ उपसा योजनेतही तेच, मिरजेकडून सुरुवात आणि सांगोला, मंगळवेढा शेवटाला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी असं देईन. सांगली जिल्ह्यात, सातारा जिल्ह्यात सत्तेतले मोठमोठे मंत्री होते, काही तर पाणी ज्यांच्या अखत्यारीत होतं असे. तरी जत, आटपाडी, माण, खटाव कोरडेच राहिले. सत्तेतला आमदार असणं पुरेसं असतं तर हे तालुके आधी भिजले असते. प्रश्न आमदार कुठल्या बाकावर बसतो याच्यापेक्षा नदीकाठच्या ऊसवाल्यांचं राजकीय वजन आणि कोरडवाहू तालुक्यांचं वजन यांच्या तफावतीचा होता. ते वजन एकट्या सांगोल्यानं वाढणार नव्हतं. म्हणून १९९३ महत्त्वाचं. त्याबद्दल आटपाडीकरांनी लिहावं.

---

डोंगरवाट

आटपाडीची आहे, म्हणून लिहिते.

१९९३ साली आटपाडीला पहिली पाणी परिषद झाली. पुढाकार क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांचा, सोबत गणपतराव आणि श्रमिक मुक्ती दलाचे भारत पाटणकर. सांगली, सातारा, सोलापूर जिल्ह्यांतले तेरा दुष्काळी तालुके एकत्र आले. तिघांच्या वाटा वेगळ्या होत्या. अण्णा बेचाळीसच्या लढ्यातले, वाळव्याच्या हुतात्मा कारखान्याचे, म्हणजे स्वतः नदीकाठचे. नदीकाठचा माणूस दुष्काळी भागासाठी पाणी मागतो, याला आमच्याकडे फार किंमत होती आणि आहे. पाटणकर डॉक्टर, चळवळीतले, हिशोब मांडणारे. आबासाहेब विधानसभेतले.

परिषद दर वर्षी व्हायची. आमच्या घरातली सगळी मोठी माणसं जायची, बायकासुद्धा मोठ्या संख्येनं. भाषणं लांबायची, पण लोक उठायचे नाहीत, कारण बोलणं टीएमसी, हेक्टर, पंपगृह आणि निधी यांचं असायचं. आमच्या आज्जीला शाळेचं तोंड माहीत नव्हतं, पण टेंभूचा कितवा टप्पा कुठं अडलाय हे ती सांगायची.

मागणी नुसती 'पाणी द्या' अशी नव्हती हे मला मुद्दाम सांगायचंय. समन्यायी वाटप ही मागणी होती. म्हणजे पाणी जमिनीच्या आकारावर नको, प्रत्येक कुटुंबाला किमान गरजेपुरतं हक्काचं पाणी, भूमिहीनालासुद्धा. ज्याच्याकडे जास्त जमीन त्याला जास्त पाणी, हा नियम तेव्हा कुणाला खटकतही नव्हता. पुढं आमच्याकडे बंदिस्त पाइपानं पाणी द्यायचा जो आटपाडी पॅटर्न निघाला त्याची मुळं या मागणीत आहेत. उघड्या पाटात पाणी मुरतं, उडतं, वरचे उपसून घेतात. पाइपात ते मोजता येतं.

आबासाहेब परिषदेत जे ठराव व्हायचे ते घेऊन सभागृहात जायचे. रस्त्यावर एक बोलायचं आणि आत दुसरं, असं त्यांचं नव्हतं.

---

तारांकित

डोंगरवाट यांनी शेवटी जे लिहिलं त्याला जोडून.

विरोधी बाकावरच्या आमदाराकडे निधी नसतो, बदल्यांचा अधिकार नसतो. त्याच्याकडे आयुधं असतात. तारांकित प्रश्न, लक्षवेधी (तातडीच्या प्रश्नाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना), अर्धा तास चर्चा, कपात सूचना. आता ही नावं सगळ्यांना ऐकून माहीत आहेत, पण ती कशी चालतात ते कुणी सांगत नाही. एखाद्या उपसा योजनेबद्दल तारांकित प्रश्न लागला की खात्याला लेखी उत्तर द्यावं लागतं. 'काम प्रगतिपथावर आहे' असं मोघम उत्तर आलं तर उपप्रश्नात मंत्र्याला पकडता येतं, अट एवढीच की आमदाराला मागच्या अधिवेशनातलं उत्तर पाठ पाहिजे. उत्तर समाधानकारक नसेल तर अर्धा तास चर्चा मागता येते. मंत्र्यानं सभागृहात तारीख दिली की ते आश्वासन होतं आणि त्याच्यामागं आश्वासन समिती लागते. ही सगळी चिकाटीची कामं. एका अधिवेशनात काही दिसत नाही, दहा अधिवेशनांत फाइल हलते.

माझे वडील मंत्रालयात होते, पाटबंधारे खात्यात नव्हे. ते सांगायचे की खात्यात ठरावीक आमदारांच्या प्रश्नांची उत्तरं वरिष्ठ स्वतः तपासायचे, कारण ते आमदार मागचं काढायचे. शेकापची जुनी फळी त्यात होती. उद्धवराव पाटील, कृष्णराव धुळप, दि. बा. पाटील, दत्ता पाटील, केशवराव धोंडगे, एन. डी. पाटील आणि गणपतराव. आमदारांची संख्या पंधरावीस, पण खात्यांवर धाक मोठा.

आज लक्षवेधी लागायची वेळ येते आणि सभागृह गोंधळात तहकूब झालेलं असतं. मला याचं खरंच दुःख होतं. सभात्याग करून बाहेर पायऱ्यांवर घोषणा दिल्या की बातमी होते, पण खात्याचं उत्तर राहून जातं.

---

खाडीकाठ

अलिबागकडचा, घरात तीन पिढ्यांचा लाल झेंडा, म्हणजे शेकाप. एक गोष्ट भर म्हणून. १९९९ ला शेकाप आघाडी सरकारात गेला, आबासाहेब मंत्री झाले. २००२ ला पक्षानं पाठिंबा काढला आणि मंत्रिपद सोडलं. त्या निर्णयामागं आमच्या रायगडचं राजकारण होतं, सांगोल्याचा त्यात काही संबंध नव्हता. दुष्काळी भागाच्या आमदाराच्या हातात रोजगार हमी खातं होतं, ते गेलं. तेव्हा मला पक्षशिस्तीचा अभिमान वाटला होता. आज विचार करतो तेव्हा सांगोल्याच्या माणसाला काय वाटलं असेल, हा प्रश्न पडतो. कोरडवाहू म्हणतात तो मुद्दा इथं लागू होतो असं मला वाटतं.

---

कोरडवाहू

खाडीकाठ, हे प्रांजळपणे लिहिलंत, आभार. घरी थोरले मामा हेच बोलायचे, फक्त जास्त कडक शब्दांत.

---

मृगबहार

डाळिंबाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. पाण्याची गोष्ट कालव्यापाशी सुरू होते आणि संपते असं वरच्या प्रतिसादांवरून वाटेल. सांगोल्याचा माणूस कालव्याची वाट बघत बसला नाही.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं रोजगार हमी मोठ्या प्रमाणावर राबवली. वि. स. पागे यांची कल्पना, १९७७ ला कायदा. बरीच वर्षं त्यातून खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव हेच झालं. १९९० ला त्याला फळबाग लागवड जोडली. खड्डे काढणं, रोपं, खतं, मजुरी हे सरकार देणार, आणि मजूर म्हणून शेतकरी स्वतःच्याच रानात राबणार. आमच्या माळरानाला हीच योजना लागू पडली. माळ मुरमाड, निचरा चांगला, हवा कोरडी. डाळिंबाला आणखी काय लागतं? पाणी थोडं लागतं, पण वेळेवर लागतं. मग ठिबक आलं, शेततळी आली. आमच्या अजनाळ्याकडे शेततळी बघायला लांबून लोक यायचे. गणेश जात गेली, भगवा आली, आणि सांगोल्याचं डाळिंब परदेशात गेलं. ज्या घरातली माणसं ऊसतोडीला, मुंबईला जायची त्या घरांनी बंगले बांधले.

यात आबासाहेबांचा वाटा किती? रोजगार हमीची बाजू या पक्षानं पहिल्यापासून लावून धरली आणि ते स्वतः त्या खात्याचे मंत्री झाले, एवढं खरं. झाडं शेतकऱ्यांनीच जगवली, टँकरनं पाणी घालून. आमदारानं केलं ते एवढंच, की योजनेचा कागद तालुक्यातल्या लहान माणसापर्यंत पोचला, फक्त पुढाऱ्याच्या भावकीत अडकला नाही. गावाकडं हे 'एवढंच' किती मोठं असतं ते खेड्यातल्या माणसाला सांगायला नको.

आता तेल्यानं, मररोगानं आणि गेल्या काही वर्षांत खोडकिडीनं बागा गेल्या. माझ्या निम्म्या बागेवर मी स्वतः कुऱ्हाड चालवली. पुढच्या आमदारानं हा प्रश्न कुठल्या आयुधानं मांडायचा ते तारांकित यांनी सांगावं, गांभीर्यानं विचारतोय.

---

धोटा

इचलकरंजीहून. आमचा धंदा सुताचा. सांगोल्याच्या शेतकरी सहकारी सूतगिरणीबद्दल व्यापारात चांगलंच बोललं जायचं. त्या तालुक्यात कापूस पिकत नाही, सगळा बाहेरून आणायचा. सहकारी सूतगिरण्यांची महाराष्ट्रात काय गत झाली ते सगळ्यांना माहीत आहे. भागभांडवल सरकारचं, कर्ज बँकेचं, आणि काही वर्षांनी दाराला कुलूप. कापूस पिकणाऱ्या जिल्ह्यांतल्या गिरण्या अवसायनात निघाल्या आणि कापूस नसलेल्या सांगोल्यातली चालली.

गुपित काही नाही. कापूस खरेदी चोख, नोकरभरती गरजेपुरती, संचालकांचा खर्च आटोक्यात. सूतगिरणीत फायदा तोट्याचं अंतर फार कमी असतं. खरेदीत थोडं इकडंतिकडं झालं की वर्ष गेलं. त्यामुळं तिथं स्वच्छ माणूस असणं ही नुसती नैतिक गोष्ट राहत नाही, ताळेबंदात दिसते. साधेपणाची चर्चा करायचीच तर इथं करा, माणगंगाकाठ यांच्याशी एवढ्यापुरता माझा मतभेद. त्यांचा साधेपणा आणि गिरणीचा नफा वेगळे काढता येत नाहीत.

---

माणगंगाकाठ

धोटा, मान्य. तुम्ही मांडलंत तसं मी पाहिलं नव्हतं. सांगोल्याचाच सहकारी साखर कारखाना बरीच वर्षं बंद पडून होता आणि २०२१ ला भाडेतत्त्वावर पुन्हा सुरू झाला, हे शेजारी ठेवलं की फरक आणखी कळतो.

---

पहिलं_मत

मी २०१९ ला पहिल्यांदा मतदान केलं, सांगोल्यातच. आबासाहेब उभे नव्हते. नातू अनिकेत देशमुख उभे होते आणि ७६८ मतांनी शहाजीबापू पाटील निवडून आले. पुढं २०२२ ला बापूंच्या 'काय झाडी, काय डोंगार' या वाक्यामुळं अख्ख्या महाराष्ट्राला सांगोला कळलं. पुण्यात कॉलेजात मित्र तेच वाक्य म्हणून मला हाक मारायचे. मी त्यांना गणपतराव देशमुखांचं नाव सांगायचो तर निम्म्यांना माहीत नसायचं. मला ते फार लागायचं.

२०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले, शेकापचे राज्यातले एकमेव आमदार. मला आनंद झाला, पण मनात एक खटकतंय. आयुष्यभर घराणेशाहीच्या विरोधातल्या पक्षात काम केलेल्या माणसाचा वारसा शेवटी घरातच शोधावा लागला. तालुक्यात कार्यकर्त्यांची फळी होती, मग त्यातून का नाही?

---

डोंगरवाट

तुझा प्रश्न योग्य आहे. माझं मत असं, की मोठ्या झाडाखाली दुसरं वाढलं नाही, आणि त्याला झाडाइतकेच आपण मतदार जबाबदार. आबा आहेत ना, मग दुसरा कशाला, असं आपणच म्हणत राहिलो. वयाच्या ८८ व्या वर्षी आपण त्यांना सुमारे २५ हजारांच्या मताधिक्यानं निवडून दिलं. त्यात प्रेम होतं, पण त्यांच्यानंतर कोण, याचा विचार नव्हता. आता नातवाला आडनावावर नको, प्रश्नांवर तपासूया.

---

तारांकित

मृगबहार, तुमचं उत्तर राहिलं होतं. खोडकिडीचा प्रश्न कृषी आणि फलोत्पादन या दोन्हींत येतो. लक्षवेधी सगळ्यात उपयोगी, कारण त्यावर मंत्र्याला निवेदन करावं लागतं. पण नुसतं 'बागा गेल्या' म्हणून चालत नाही. गावनिहाय किती क्षेत्र तोडलं, पंचनामे किती झाले, विम्यात कीडरोग धरलाय का, सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रानं काय शिफारस केली, हे आमदाराच्या हातात हवं. ते गोळा करून देणं शेतकरी गटाचं काम. तुमच्याकडे असेल तर इथं टाका, मसुदा मी करून देतो.

---

कोरडवाहू

मी सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं सगळं उत्तर मिळालं असं म्हणणार नाही. २००२ चा मुद्दा आणि छावणीतली ती वर्षं माझ्या मनातून जाणार नाहीत. पण ऊसवाल्यांच्या वजनाचा मुद्दा पटला आणि पाणी परिषदेचं हे रूप मला माहीत नव्हतं. मामांना हा धागा वाचून दाखवणार आहे.

एक नवीन विचारतो. उपसा योजनांच्या वीजबिलाचे ८१ टक्के सरकार आणि १९ टक्के शेतकरी असं ठरलंय. आमच्या आजोळी शेवटच्या टोकाला आवर्तन (पाण्याची पाळी) पोचतं तेव्हा बऱ्याचदा पाणी अपुरं असतं, तरी आकारणी येते. हे कुणाकडे मांडायचं?

---

माणगंगाकाठ

गावात पाणी वापर संस्था नोंदलेली आहे का ते आधी बघा. २००५ च्या कायद्यानं संस्थेला पाणी मोजून घ्यायचा हक्क आहे. मोजमाप असेल तर कमी पाण्याची आकारणी लढवता येते, नसेल तर नुसती तोंडी तक्रार राहते. संस्था नसेल तर शाखा अभियंत्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि तिची प्रत आमदारांच्या कार्यालयात. मृगबहार यांचा डाळिंबाचा मसुदा होतोच आहे, त्याच्याबरोबर हाही जाऊ दे. तुमच्या आजोळच्या गावाचं नाव आणि वितरिका मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.